नऊ नंबरचा डावा गुडघा

उन्हाळा संपत आला तरी क्लबनं विकत काय घेतलं होतं, तर गवत कापायचं मशीन.

मशीन चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. लालभडक, बसून चालवायचं, पुढे दिवा. क्लबनं त्याचा फोटोसुद्धा छापून आणला. अध्यक्ष स्टिअरिंग धरून बसलेत, बत्तीशी दाखवतायत आणि खाली लिहिलंय, ‘नव्या मोसमासाठी सज्ज’. ताईनं तो फोटो बघितला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यालाच द्या म्हणावं नऊ नंबर,” ती म्हणाली. “निदान पुढे तरी जातं.”

ताई म्हणजे इस्पितळातल्या एमआरआय विभागातली टेक्निशियन. वय एक्कावन्न, आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणारा. सव्वीस वर्षं ती लोकांना त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालत होती आणि बाहेर काढत होती, आणि त्याहून जास्त वर्षं हिरव्यांच्या पायी वेडी होती. हिरवे म्हणजे तिचा फुटबॉल क्लब. उत्तरेकडच्या स्टँडमध्ये अकराव्या रांगेत तिची जागा ठरलेली, शेजारी धाकटा भाऊ. धाकट्याचं रस्त्याला लागून सलून होतं. सलूनच्या वर तो आणि त्याची बायको राहायचे आणि त्यांच्या वर, एका खोलीत, ताई. भावजयीला फुटबॉल हा साथीचा रोग वाटायचा. आपल्या नवऱ्याला तो थोरल्या बहिणीकडून लागला, यावर ती ठाम होती.

तर गेल्या मोसमात हिरव्यांचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारायचं काम ज्याचं तो, होता छत्तीस वर्षांचा. स्टँडमध्ये त्याला सगळे आजोबा म्हणायचे. आजोबांनी वर्षभरात चार गोल केले. त्यातला एक ढुंगणाला लागून आत गेला, आणि तो आपण केला हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपर वाचून कळलं. एवढं होऊनही क्लबनं त्यांना आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. नदीपलीकडच्या निळ्यांनी मात्र एका उन्हाळ्यात सात माणसं आणली, त्यातली दोन तर परदेशातून. आपल्या अध्यक्षांचं म्हणणं काय, तर ‘आहे त्या संघावर आमचा विश्वास आहे’. अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना होता. संघ मैदानावर झोपतो यात नवल ते काय!

सलूनमध्ये रोज हाच विषय. गालाला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा ताई दारातून आत आली की आरशातून विचारायचं, “काय ताई, आलं का कोणी?”

“आली ना,” ताई म्हणायची, “धूळ आली. झाडायला कोणी नाही.”

आता सगळे तिलाच का विचारायचे, तर त्याला कारण होतं. क्लब कुठलाही खेळाडू घ्यायच्या आधी त्याचे गुडघे, घोटे, पाठ, सगळं तपासून घ्यायचा, आणि ही तपासणी ताईच्या इस्पितळात व्हायची. त्याला मागच्या दारानं आणायचं, जिथून धुवायच्या चादरी जातात तिथून. रजिस्टरमध्ये खरं नाव घालायचं नाही, नुसतं ‘पाहुणा’ लिहायचं. म्हणजे जगाला कळायच्या आधी, अध्यक्षांच्या बायकोला कळायच्याही आधी, नवा खेळाडू कोण ते ताईला कळायचं. ती कधी कुणाला सांगायची नाही. पण ज्या दिवशी पाहुणा येई, त्या संध्याकाळी ती शीळ घालत जिना चढायची, आणि धाकट्याला तेवढं पुरायचं.

या उन्हाळ्यात शीळ नाही की काही नाही. दोन महिने झाले, मागच्या दारानं चादरी सोडून कोणी गेलं-आलं नाही. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मोबाईलवर दुसऱ्यांच्या क्लबातले खेळाडू बघत बसायची. बाजारात रिकाम्या खिशात हात घालून फिरणाऱ्या माणसासारखी तिची गत झाली होती.

आणि याच उपासमारीत तिच्या हातून ते हवामानवाल्याचं झालं.

ऐन उन्हाळ्यातला मंगळवार. ताई चहाचा कप घेऊन मागच्या बोळातून येत होती, तर समोरून एक सव्वासहा फुटी माणूस आत शिरला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, काळा चष्मा, दोन्ही बाजूंना एकेक जण. ताईच्या हातातला चहा बशीत सांडला. खरं तर तिनं विचार करायला हवा होता, की धडधाकट फुटबॉलपटू भिंत धरून कशाला चालेल? पण विचार करायला डोकं जागेवर लागतं. तिनं त्या बोळातच उभं राहून धाकट्याला मेसेज टाकला: ‘गोलकीपर आलाय बहुतेक. उंच आहे.’

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं असं काही केलं होतं.

धाकट्यानं अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडलं. तेही उठून त्याच्यामागे धावलं. पाऊण तासात इस्पितळाच्या मागच्या गल्लीत हिरवे मफलर घातलेले चाळीस जण उभे होते, आणि दार उघडताच त्यांनी स्वागताचं गाणं सुरू केलं. बाहेर आला तो टीव्हीवर हवामान सांगणारा. त्याची पाठ धरली होती आणि लोकांनी चिडवू नये म्हणून तो लपूनछपून आला होता. आता चाळीस माणसांचं गाणं एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, हे आपल्यासाठीच. इतकी वर्षं अंदाज चुकले म्हणून त्यानं फक्त शिव्या खाल्ल्या होत्या. त्याचे डोळे भरून आले, त्यानं चष्मा काढला, दोन्ही हात वर करून सगळ्यांना अभिवादन केलं, आणि त्यात पाठ पुन्हा अशी धरली की त्याला उचलूनच आत न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी ताईला समोर उभं केलं. “पेशंटबद्दल तुमच्या तोंडून यापुढे एक शब्द निघाला, तर घरी बसायचं. बाहेरच्यांना नाही आणि पेशंटलाही नाही. कुणाला काय झालंय ते डॉक्टर सांगतील. तुम्ही फोटो काढायचे.”

ताईनं कानाला खडा लावला. ती नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं तिला, या वयात आणि या तोंडाला?

मग उजाडला खेळाडू घ्यायच्या मुदतीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला खरेदी बंद, पुढे थेट हिवाळ्यात. धाकट्यानं सकाळपासून सलूनमध्ये रेडिओ लावून ठेवला होता. ताई कामावर निघाली तेव्हा त्यानं कात्री थांबवून तिच्याकडे नुसतं बघितलं. घरात कोणी आजारी असल्यासारखी शांतता होती.

साडेअकराला मागच्या दारानं क्लबचा सुटातला माणूस आला. हा क्लबच्या कचेरीतला, करारमदार बघणारा. आणि त्याच्यामागून आला तो.

ताईनं त्याला चालण्यावरून ओळखलं. सव्वीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, गेल्या मोसमात बावीस गोल. हे बावीस गोल ताईनं डबा खाता खाता इतक्यांदा बघितले होते, की कुठल्या गोलच्या आधी तो नाक पुसतो हेसुद्धा तिला पाठ होतं. सगळे पेपर उन्हाळाभर लिहीत होते की हा हिरव्यांना झेपायचा नाही. आणि तो समोर उभा होता, हातात स्वतःचे बूट घेऊन, कारण बाहेर ‘पादत्राणे काढावीत’ अशी पाटी होती आणि तिच्याकडे सगळे दुर्लक्ष करायचे.

“अंगावर धातूचं काही आहे का?” ताईनं विचारलं. तिचा तो दोन गल्ल्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“साखळी आहे. आणि घड्याळ.” त्यानं दोन्ही काढून ट्रेमध्ये ठेवलं. “ताई, आत झोप लागली तर चालेल ना? काल रात्रभर गाडीत होतो.”

“झोप की,” ताई म्हणाली. “हलू नकोस म्हणजे झालं.” अहो-जाहो करायचं तिला सुचलंसुद्धा नाही. आपल्या नऊ नंबरला अहो कोण म्हणतं?

शेवटच्या दिवशी सगळं तपासायला वेळ नव्हता, म्हणून फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं, उजवा गुडघा. दोन वर्षांपूर्वी त्याला तिथंच लागलं होतं. ताईनं उजवा काढला. स्क्रीनवर एकेक चित्र उमटत गेलं आणि ताई खुर्चीत पुढे पुढे सरकत गेली. हजारो गुडघे तिनं बघितले होते. झिजलेले, सुजलेले, जिन्यावरून पडलेले, गच्चीवरून उडी मारलेले. इतका देखणा गुडघा तिच्या डोळ्यांसमोर आजवर आला नव्हता. जुनी जखम अशी भरून आली होती की रफू कुठं केलंय ते सापडू नये. ताईला चक्क गहिवरून आलं.

काम झालं होतं. त्याला बाहेर काढायचं, रिपोर्टसाठी डॉक्टरांकडे पाठवायचं, बस्स. पण ताईला हाव सुटली. पुढच्या आजीबाई उशिरा येणार असा निरोप होता, मशीन मोकळं होतं, आणि आत हिरव्यांचा नऊ नंबर घोरत पडला होता. फॉर्मवर नसलेलं काही काढायचं नाही असा नियम आहे, तो तिनंच नव्या लोकांना शिकवलेला. तरी तिनं आत जाऊन गुडघ्यावरचं कवच डावीकडे चढवलं. शंका वगैरे काही नव्हती हो तिला! नवी सायकल घरी आली की माणूस उगाच घंटी वाजवून बघतो, तसं. एक गुडघा बघून तिचं पोट भरलं नव्हतं, इतकंच.

डाव्याचं पहिलं चित्र आलं आणि ताईनं माइक जवळ ओढला.

“हललास का रे?” तिनं माइकवर विचारलं.

आतून झोपेतला आवाज आला, “नाही ताई.”

तिनं पुन्हा काढलं. पुन्हा तेच. दोन हाडांच्या मधली जी गादी असते, ती आतल्या बाजूनं जवळजवळ संपली होती. फाटलेला एक तुकडा सांध्यात अडकला होता आणि खाली हाड सुजून पांढरं पडलं होतं. तिसऱ्यांदा काढायला तिनं बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मशीनला किती वेळा विचारणार?

हा डावा गुडघा कोणी मागितलेलाच नव्हता. पुसून टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. उजवा डॉक्टरांकडे गेला असता, दुपारी सह्या झाल्या असत्या, आणि शनिवारी अकराव्या रांगेतून ताईनं त्याचं नाव घेऊन घसा फाडला असता. ती स्क्रीनसमोर बसून राहिली. हिरव्यांसाठी तिनं आयुष्यात बरंच काही केलं होतं. दोन ठरत आलेली लग्नं सामन्याच्या तारखांपायी मोडली होती, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण ते सगळं तिचं स्वतःचं होतं. हा पाय दुसऱ्याचा होता. शेवटी तिनं स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली आणि दोन्ही गुडघे डॉक्टरांकडे पाठवले.

डॉक्टरांना फुटबॉल म्हणजे बावीस माणसांचा आपसातला गैरसमज वाटायचा. त्यांनी चित्रं बघितली, चष्मा कपाळावर सरकवला. “डावा कोणी सांगितला होता?”

“चुकून काढला.”

“चुकून?” त्यांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. “बरं झालं. ऑपरेशन करून सात-आठ महिने गप्प बसला, तर हा पुन्हा धावेल. असाच खेळत राहिला तर वर्षभरात खेळ संपला, आणि चाळिशीच्या आत हातात काठी.” त्यांनी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि ज्यानं तपासणी मागवली होती त्याच्या, म्हणजे सुटवाल्याच्या, हातात दिला.

आता हा कपाळावर हात मारणार, पोराला परत पाठवणार, झालं, संपला उन्हाळा. ताईनं मनाची तयारी केली होती. पण सुटवाल्यानं कागद शांतपणे वाचला, चौघडी घातली आणि आतल्या खिशात सरकवला.

“मग घेणार नाही ना?” ताईला राहवलं नाही.

“घेणार नाही?” सुटवाला हसला. “अहो, धड गुडघ्याचा असता तर आपल्या दारात उभा राहिला असता का? त्याचा क्लब काय उगाच सोडतोय त्याला? इंजेक्शनं असतात. सहा महिने ओढला तरी पुष्कळ. लोकांना नवा माणूस हवाय, देऊ नवा माणूस.”

“आणि त्याला काय सांगणार?”

“ठणठणीत आहेस म्हणून सांगणार. तपासणी आम्ही मागवली, रिपोर्ट आमचा.” त्याची नजर खाली गेली. “तुम्ही कशाला तोंड पाडताय? मोजे तर हिरवे दिसतायत. आमच्यातल्याच की तुम्ही!”

गाद्या विकणाऱ्या अध्यक्षांच्या माणसाला गुडघ्यातल्या गादीची किंमत कळू नये, म्हणजे कमाल आहे. ताईनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हात धूत होते. “तो आपल्याकडे उपचारांना आलेला नाही,” ते म्हणाले. “रिपोर्ट मागणाऱ्याला दिला. आपलं काम झालं.” आणि ते जेवायला निघून गेले.

खरं सांगायचं, तर ताईला आनंद झाला. लपवायचं कशाला? एवढं सगळं इमानानं करूनही नऊ नंबर येणारच होता! तिनं गुडघा लपवला नव्हता, डॉक्टरांना दाखवला होता, डॉक्टरांनी लिहिला होता, सुटवाल्यानं वाचला होता. एवढ्या शहाण्या माणसांच्या हातून गेलेल्या कागदाचं तिनं काय करायचं? आणि बोलायला तर तिला बंदीच होती. शनिवारी तो खेळणार, गोल करणार. सहा महिने तर सहा महिने! आजोबांपेक्षा सहा महिने बरे.

या आनंदात ती त्याची साखळी आणि घड्याळ द्यायला कपडे बदलायच्या खोलीत गेली. सुटवाला बाहेर बोळात फोनवर मोठमोठ्यानं हसत होता.

तो बाकावर बसून बूट घालत होता. उजव्या पायाचा बूट त्यानं वाकून घातला. डावा घालायच्या वेळी त्यानं पाय दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवला, सामान ठेवतात तसा.

“साहेब म्हणाले, एकदम टणाटण,” तो म्हणाला. “खरंय ना ताई?”

ताईनं तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर ती सव्वीस वर्षं दिवसातून तीस वेळा देत आली होती. ‘डॉक्टर सांगतील.’ दोन शब्द. पण डॉक्टर जेवायला गेले होते, आणि सांगणार नव्हते.

“डावा दुखतो का रे?” तिनं विचारलं.

“जरा कुरकुरतो. गोळी घेतली की गप्प बसतो.” त्यानं साखळी गळ्यात घातली. “तुमच्या उत्तरेकडच्या स्टँडमधले लोक फार शिव्या देतात म्हणे?”

“देतात. मी त्यातलीच.”

“बापरे,” तो हसला. “मग मला जरा सांभाळून घ्या हं.”

झालं! गप्प राहायचं ताईचं सगळं बळ तिथंच गेलं. तिनं ट्रे बाकावर आपटला, त्याचं मनगट धरलं आणि त्याला एका बुटावर, लंगडी घातल्यासारखं, स्क्रीनच्या खोलीत ओढत नेलं.

“हा तुझा उजवा. हा डावा. बघ.”

त्यात काय वाईट आहे ते कळायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं. तो बघत राहिला. ताईनं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, ऑपरेशन, सात-आठ महिने, काठी, सगळं. रिपोर्ट कुणाच्या खिशात आहे तेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज पुन्हा घरचा, दोन गल्ल्यांचा, झाला होता, पण तिनं तो दाबला नाही.

त्यानं आभार वगैरे मानले नाहीत. त्याचा चेहरा लाल झाला. “कशाला सांगितलंत?” तो म्हणाला. “तीन वर्षांचा करार होता. आज सही होती. ऑपरेशन झालेल्याला कोण घेतं? तुम्हाला काय पडली होती?”

“मला काय पडली होती?” ताई उसळली. “अरे बाबा, तू यावास म्हणून तीन महिने जीव टांगणीला लागलाय माझा! तुझे बावीस गोल पाठ आहेत मला! त्या अकराव्या गोलला डाव्या पायानं हूल दिलीस ना, तेव्हा माझ्या डब्यातला घास घशात अडकला होता! आणि मीच तुला सांगतेय की येऊ नकोस. मला काय पडली होती म्हणे!”

मग त्यानं हळूच डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला, लहान पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

बोळात आधी दोघांची कुजबुज झाली, मग सुटवाल्याचा आवाज चढला, मग एकदम बंद पडला. तो खेळाडू पुढच्या दारानं निघून गेला, टोपी नाही, चष्मा नाही, केसपेपरच्या रांगेतून, सगळ्यांदेखत. सुटवाला तणतणत ताईसमोर येऊन उभा राहिला. “त्याला तुम्ही काही बोललात?”

ताईनं पुढच्या आजीबाईंचा फॉर्म उचलला. “डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली.

तो थेट विभागप्रमुखांच्या खोलीकडे गेला. दोन तासांत कागद आला: उद्या सकाळी दहाला भेटावे. ताईनं तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि संध्याकाळपर्यंत आणखी पाच जणांचे फोटो काढले.

ती घरी पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाढी हे नुसतं निमित्त होतं, सगळे रेडिओसाठी आले होते. बातमी नुकतीच सांगून झाली होती: हिरव्यांचा करार शेवटच्या क्षणी फिसकटला, तपासणी झाल्यावर खेळाडूनंच नकार दिला. क्लबचं निवेदनही आलं होतं. आहे त्या संघावर आमचा विश्वास आहे.

“भित्रा साला!” साबण लावलेलं गिऱ्हाईक म्हणालं. “आपला स्टँड बघूनच त्याची फाटली असणार.”

“छे!” धाकटा कात्री नाचवत म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “तपासणीला आला म्हणजे यायचंच होतं त्याला. तिथं कोणीतरी त्याचे कान भरले. निळ्यांचा कोणीतरी आहे त्या इस्पितळात, मी सांगतो तुम्हाला!” तेवढ्यात त्याला दारात ताई दिसली. “ताई, तू तर तिथंच होतीस. खरं सांग, कोण होता तो?”

सगळे वळले. भावजयसुद्धा जिन्यात येऊन उभी होती.

“मी,” ताई म्हणाली.

मग सलून फुटलं. हसून हसून एकाच्या नाकात साबण गेला. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी हसलं होतं, त्यामुळे कुणाला थांबवेना. धाकट्यानं गिऱ्हाइकाच्याच टॉवेलनं डोळे पुसले.

“तू?” तो म्हणाला. “अगं, त्याचा गुडघा फुटका निघाला असता ना, तर तू स्वतःचा काढून दिला असतास त्याला!”

ताई तिथल्या एका रिकाम्या खुर्चीत बसली. समोरच्या आरशात सगळे तिच्याकडे बघून हसत होते, प्रेमानं.

“दिला असता रे,” ती म्हणाली. “खरंच दिला असता.”

आणि ती ढसाढसा रडायला लागली. हसणं हळूहळू थांबलं. आपल्यापेक्षा हिलाच जास्त लागलंय, असं म्हणत एकानं तिला पाणी आणून दिलं.